हेतू कुणाचाच नसताना भेदभाव होऊ शकतो का?

मार्च २०२३ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलाविषयी बॅरोनेस लुईस केसी यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. या दलात वंशभेद, स्त्रीद्वेष आणि समलैंगिकांविषयीचा आकस ‘संस्थात्मक’ स्वरूपाचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. पोलीस आयुक्त सर मार्क राउली यांनी अहवाल स्वीकारला. दलात वंशभेद करणारी माणसे आहेत आणि कारभारातही दोष आहेत, हे त्यांनी कबूल केले. ‘संस्थात्मक’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही, कारण तो संदिग्ध आहे आणि त्याला राजकीय रंग चढला आहे, असेही त्यांनी सांगितले. रोग मान्य, पण त्याचे नाव अमान्य, अशी ही भूमिका वरवर पाहता चमत्कारिक वाटते. पाश्चात्त्य समाजांत व्यवस्थात्मक वंशभेद, म्हणजे इंग्रजीत ज्याला सिस्टिमिक रेसिझम म्हणतात तो, आज अस्तित्वात आहे की नाही यावर गेली काही दशके जी भांडणे चालू आहेत, त्यांतली बरीचशी याच अडचणीतून उद्भवतात.

वंशभेद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर द्वेष करणारा कुणीतरी माणूस उभा राहतो. १९६७ मध्ये स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन या दोन कृष्णवर्णीय अमेरिकनांनी या समजुतीला धक्का देणारी मांडणी केली. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात १९६३ मध्ये गोऱ्या दहशतवाद्यांनी चर्चमध्ये बॉम्ब ठेवला आणि चार कृष्णवर्णीय मुलींचा बळी गेला. त्याबद्दल सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण त्याच शहरात पुरेसे अन्न, निवारा आणि औषधोपचार न मिळाल्याने दरवर्षी पाचशे कृष्णवर्णीय बालके मरतात, त्याचे काय, असा प्रश्न या दोघांनी विचारला. पहिल्या घटनेत गुन्हेगार दाखवता येतो, दुसरीत तो सापडत नाही. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी ‘संस्थात्मक वंशभेद’ असे नाव दिले. ‘व्यवस्थात्मक’ हा शब्द त्याच्याही पुढे जातो. एखाद्या संस्थेपुरते न पाहता घर, शाळा, नोकरी, पोलीस, दवाखाना यांची एकमेकांत गुंतलेली साखळी त्यात गृहीत धरलेली असते.

ब्रिटनमध्ये या शब्दाचा अर्थ अठरा वर्षांच्या अंतराने दोन न्यायाधीशांनी दोन तऱ्हांनी लावला, आणि तिथेच सगळी मेख आहे. १९८१ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झाली. तिची चौकशी करणारे लॉर्ड स्कारमन यांनी म्हटले की, ब्रिटन जाणूनबुजून आणि धोरण म्हणून कृष्णवर्णीयांशी भेदभाव करतो असा संस्थात्मक वंशभेदाचा अर्थ असेल, तर तो आरोप मला मान्य नाही. पुढे २२ एप्रिल १९९३ रोजी आग्नेय लंडनमधील एल्थम येथे बसची वाट पाहत असलेल्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून खून केला. संशयितांची नावे पोलिसांपर्यंत लगेच पोहोचली होती, तरी पहिल्या अटका व्हायला दोन आठवडे लागले. तपास इतका ढिसाळ झाला की दोन आरोपींना शिक्षा व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. सर विल्यम मॅकफर्सन यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये दिलेल्या चौकशी अहवालात लंडनचे पोलीस दल संस्थात्मकरीत्या वंशभेदी असल्याचे स्पष्टपणे म्हटले. त्यांची व्याख्या मात्र वेगळी होती. एखादी संस्था लोकांना त्यांच्या वर्णामुळे किंवा वंशामुळे योग्य सेवा देण्यात सामूहिकरीत्या अपयशी ठरते, आणि हे अपयश नकळत असलेल्या पूर्वग्रहांतून, अज्ञानातून, बेफिकिरीतून आणि ठोकळेबाज समजुतींतूनही येऊ शकते. स्कारमन यांनी हेतू शोधला आणि तो त्यांना सापडला नाही. मॅकफर्सन यांनी परिणाम तपासला आणि तो त्यांना ढळढळीत दिसला.

यावर घेतला जाणारा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हेतू असण्याची गरजच नसेल, तर हा आरोप खोटा ठरवायचा कसा? दोन समाजगटांच्या स्थितीत तफावत दिसली की व्यवस्था दोषी, आणि तफावत का आहे असे विचारले तर ती व्यवस्था वंशभेदी असल्यामुळे, असे म्हणत राहिल्यास युक्तिवाद स्वतःभोवतीच गोल फिरतो. म्हणून या वादात कोणत्याही दाव्याला मी एकच कसोटी लावतो. तफावत नेमकी कोणत्या नळातून आली, तो नळ दाखवता येतो का? येत असेल तर दावा विचारात घ्यावा, नसेल तर निकाल राखून ठेवावा.

हा नळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेतील घरांच्या बाबतीत. १९३० च्या दशकापर्यंत तिथे घरासाठी कर्ज काढणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, कारण निम्म्याच्या आसपास रक्कम आधी रोख भरावी लागे आणि उरलेले कर्ज थोड्याच वर्षांत फेडावे लागे. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही सरकारी यंत्रणा स्थापन झाली. ती कर्जाची हमी घेऊ लागल्यामुळे बँका थोड्या आगाऊ रकमेवर आणि वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर पैसे द्यायला तयार झाल्या. अमेरिकेतील मध्यमवर्ग घरमालक झाला तो या हमीच्या जोरावर. ही हमी कुठे द्यायची आणि कुठे नाही, याची नियमपुस्तिका यंत्रणेने तयार केली. तिच्यात वस्तीतील लोक कोणत्या वंशाचे आहेत हा मालमत्तेच्या किमतीवर परिणाम करणारा घटक मानला होता आणि कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशा अटी खरेदीखतात घालण्याची शिफारस केली होती. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या दुसऱ्या एका सरकारी महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले होते. त्यांत सर्वांत चांगली वस्ती हिरवी आणि सर्वांत धोक्याची वस्ती लाल होती. एखाद्या वस्तीला सरसकट कर्ज नाकारण्याला ‘रेडलायनिंग’ म्हणतात, आणि तो शब्द या लाल रंगाशी जोडला गेला तो कायमचाच. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेविटाउनमध्ये १७ हजारांहून अधिक घरे बांधली गेली, पण तिथल्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहू देण्यास बंदी होती.

घर नाकारले की केवळ चार भिंती नाकारल्या जात नाहीत. साध्या अमेरिकन कुटुंबाची बहुतेक पुंजी घरातच असते, त्याच घरावर मुलाच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी पैसे उभे राहतात आणि आईवडिलांच्या पश्चात तेच घर वारसाने मुलांकडे जाते. शिवाय तिथल्या सरकारी शाळांना मिळणाऱ्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे घराची किंमत कमी तर शाळेचा पैसाही कमी, असे हे गणित पुढच्या पिढीकडे आपसूक चालत जाते. एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, घरांच्या व्यवहारात वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. तोपर्यंत एक पूर्ण पिढी घरे घेऊन मोकळी झाली होती. त्या घरांच्या किमती पुढे कित्येक पटींनी वाढल्या. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार मध्यस्थानी असलेल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर, तर तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९०० डॉलर होती. आज बँकेत बसलेल्या कर्मचाऱ्याच्या मनात कसलाही आकस नसला, तरी अर्जदाराकडे तारण ठेवायला काय आहे हे त्याला पाहावेच लागते आणि तिथे १९३० च्या दशकातील त्या नियमपुस्तिकेचा हिशेब पुन्हा डोके वर काढतो. भेदभावाचा नियम रद्द झाला तरी त्याने लावलेले व्याज चालूच राहिले, असे या बाजूचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

ही कहाणी जितकी सरळ सांगितली जाते तितकी ती सरळ नाही, हेही इथेच नोंदवायला हवे. आर्थिक इतिहासकारांनी ते जुने नकाशे जनगणनेशी ताडून पाहिले तेव्हा लाल पट्ट्यांत राहणारी बहुतेक कुटुंबे गोरी होती असे आढळले. शहरांतील कृष्णवर्णीय कुटुंबे मात्र जवळजवळ सगळीच त्या पट्ट्यांत अडकलेली होती. त्या नकाशांनी दुरवस्था निर्माण केली की आधीच असलेली दुरवस्था नोंदवली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि खरे नुकसान नकाशांपेक्षा हमी देणाऱ्या यंत्रणेच्या धोरणाने केले असे मानणारे वाढत आहेत. संपत्तीच्या आजच्या दरीत उत्पन्न, शिक्षण, कुटुंबाची रचना यांचाही वाटा आहे. तो वाटा नेमका किती यावर एकमत नाही.

अमली पदार्थांच्या कायद्याचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९८६ च्या अमेरिकन कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक कोकेन (धूर ओढण्यासाठी बनवलेले कोकेनचे खडे) बाळगणाऱ्या विक्रेत्याला जी किमान पाच वर्षांची कैद ठरवली, तीच कैद भुकटीच्या कोकेनसाठी ५०० ग्रॅमवर ठरवली. मूळ पदार्थ एकच, पण क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा होणाऱ्यांत कृष्णवर्णीय फार मोठ्या संख्येने होते. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, परिणामात मात्र तो स्पष्ट दिसत होता. तथापि न्यूयॉर्कमधील हार्लेमचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी चार्ल्स रँगेल हे या कठोर कायद्याचे त्या वेळचे खंदे पुरस्कर्ते होते, कारण क्रॅकने त्यांच्याच मतदारांच्या गल्ल्या उद्ध्वस्त होत होत्या. तेव्हा हा कायदा द्वेषाने केला असे म्हणणे अवघड आणि त्याने भेदभाव झाला नाही असे म्हणणेही अवघड. २०१० मध्ये शंभरास एक हे प्रमाण अठरास एक करण्यात आले. ते एकास एक का केले गेले नाही, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

आता दुसरी बाजू. १९३० मध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञ थॉमस सोवेल गेली अनेक दशके सांगत आले आहेत की, समाजगटांत तफावत असणे ही जगभरची सर्वसाधारण स्थिती आहे. वयोमान, भूगोल, कौशल्ये, स्थलांतराचा इतिहास या सगळ्यांत फरक असताना निकाल मात्र समान यावेत ही अपेक्षाच चुकीची आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ब्रिटनमध्ये टोनी सेवेल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मार्च २०२१ मध्ये असाच सूर लावला. वांशिक अल्पसंख्याकांच्या विरोधात मुद्दाम रचलेली व्यवस्था आज ब्रिटनमध्ये दिसत नाही, असे त्याने म्हटले आणि त्यावर मोठे वादळ उठले. टीकाकारांचा ‘मुद्दाम’ या शब्दावर आक्षेप होता, कारण तो शब्द घालून आयोगाने मॅकफर्सन यांना ओलांडून पुन्हा स्कारमन यांच्या दारात जाऊन बसणे पसंत केले होते. तरीही आयोगाने पुढे केलेली एक बाब झटकून टाकता येत नाही. ब्रिटनच्या शाळांत भारतीय आणि चिनी वंशाची मुले गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा सरस ठरतात. आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतील कृष्णवर्णीय मुले कॅरिबियनमधून आलेल्या कुटुंबांतील मुलांपेक्षा पुढे असतात. कातडीचा रंग पाहून व्यवस्था दाबत असेल, तर एकाच रंगाच्या दोन गटांत एवढा फरक का पडावा?

या ठिकाणी भारतीयांचा दाखला हमखास दिला जातो, आणि न्यू जर्सी किंवा लंडनमधील आपले मराठी बांधवही तो आनंदाने देतात. आम्ही सूटकेस घेऊन आलो, कष्ट केले, वर आलो, मग इतरांना काय अडचण आहे? यातील कष्ट खरे आहेत. पण सूटकेसमध्ये पदवी होती, हे सांगायचे राहून जाते. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर अमेरिकेने ज्या भारतीयांना दार उघडले, त्यांत डॉक्टर आणि अभियंते भरपूर होते, म्हणजे निवड विमानात बसण्याआधीच झाली होती. त्यापूर्वीचा इतिहासही आपण सोयीस्करपणे विसरतो. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले, कारण सर्वसाधारण माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ ठरत नव्हते. भारतीयांना नागरिक होण्याचा मार्ग १९४६ मध्ये मोकळा झाला. त्याआधीच्या काळात कॅलिफोर्नियातील शेतांवर राबणाऱ्या पंजाब्यांना स्वतःच्या नावावर जमीन घेणे अवघड होते, आणि कष्ट त्यांनीही काही कमी केले नव्हते. या प्रश्नाकडे मराठी माणसाने अधिक आस्थेने पाहावे असे मला वाटते, कारण आपला त्याच्याशी संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मधील आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती.

मते बाजूला ठेवून मोजमाप करता येते का, याचे सर्वांत चांगले प्रयत्न नोकरीच्या बाबतीत झाले. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोमधील जाहिरातींना उत्तर म्हणून सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावाचा. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांत आढळणारी नावे होती, तर काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांत आढळणारी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. त्यावर शंका घेतली गेली की लकीशासारखी नावे गरीब, कमी शिकलेल्या घरांत जास्त आढळतात, तेव्हा मालकाने वंश वाचला की वर्ग? शंका रास्त आहे, जरी जिचा अर्ज केराच्या टोपलीत गेला त्या मुलीला या फरकाने काडीचाही दिलासा मिळत नाही. पुढे पॅट्रिक क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील शंभराहून अधिक बड्या कंपन्यांकडे ८३ हजार अर्ज पाठवले. यात सरासरी फरक फक्त दोन टक्केबिंदूंच्या, म्हणजे दर शंभर अर्जांमागे दोन बोलावण्यांच्या, आसपास आला, म्हणजे वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंना वाटत होते त्यापेक्षा चित्र निराळे निघाले. बहुसंख्य कंपन्यांत भेद थोडा होता. जवळजवळ निम्मा भेद केवळ एक-पंचमांश कंपन्यांत एकवटला होता, आणि ज्या कंपन्यांत भरतीचे काम एका मध्यवर्ती विभागाकडे होते तिथे तो कमी आढळला. ‘सगळी व्यवस्थाच कुजलेली’ हे वाक्य या आकड्यांवर टिकत नाही आणि ‘चारदोन वाईट माणसे’ हेही टिकत नाही. भरतीची पद्धत बदलली की भेद कमी-जास्त होतो, ही गोष्ट मला या सगळ्या वादातील सर्वांत उपयोगी वाटते.

पोलिसांच्या बाबतीत हार्वर्डचे कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी २०१६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनी दोन्ही बाजूंची पंचाईत केली. धक्का देणे, बेड्या घालणे, भिंतीशी दाबणे अशा बळाच्या वापरात कृष्णवर्णीयांच्या वाट्याला लक्षणीय अधिक त्रास येत होता. गोळीबारात मात्र वांशिक फरक आढळला नाही, आणि आपल्या कारकिर्दीतला हा सर्वांत आश्चर्यकारक निष्कर्ष असल्याचे खुद्द फ्रायर यांनी म्हटले. टीकाकारांनी दाखवले की ही आकडेवारी पोलिसांनी माणसाला अडवल्यानंतर सुरू होते. विनाकारण अडवले जाणारे लोकच एका वंशाचे अधिक असतील, तर पुढची तुलना आपोआप सौम्य दिसते. कुठून मोजायला सुरुवात केली, यावर उत्तर ठरते. फ्रान्समध्ये तर मोजणीच होत नाही, कारण १९७८ पासूनचा तिथला कायदा नागरिकांच्या वंशाची नोंद ठेवण्यावर कडक निर्बंध घालतो. प्रजासत्ताक सर्वांना सारखे मानते, ही त्यामागची भूमिका उदात्त आहे, पण त्यामुळे तफावत आहे की नाही हे सिद्ध करणे कुणालाच जमत नाही.

हेतू की परिणाम, हा झगडा न्यायालयांतही मिटलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनातील एका वीज कंपनीने चांगल्या कामांसाठी शालान्त पदविका आणि बुद्धिचाचणी सक्तीची केली होती. त्या कामाशी या अटींचा काही संबंध नव्हता, पण कृष्णवर्णीय कामगार त्यांत अडकून पडत. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले की, हेतू कितीही स्वच्छ असला तरी कामाशी संबंध नसलेली आणि एका गटाला गाळणारी अट बेकायदा आहे. याच न्यायालयापुढे १९८७ मध्ये जॉर्जियातील वॉरन मॅक्क्लेस्की या कृष्णवर्णीय आरोपीच्या मृत्युदंडाचा खटला आला. खून झालेला माणूस गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता चार पटींहून अधिक असते, असे दाखवणारा मोठा अभ्यास पुढे ठेवण्यात आला. न्यायालयाने तो अभ्यास खरा धरला आणि तरीही, या विशिष्ट आरोपीच्या बाबतीत जाणूनबुजून भेदभाव झाला हे सिद्ध होत नाही म्हणून, पाच विरुद्ध चार मतांनी अर्ज फेटाळला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर, संधी मिळाली तर त्या खटल्यातील आपले मत आपण बदलू, असे सांगितले. मॅक्क्लेस्की यांना १९९१ मध्ये विद्युत खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला.

काही उदाहरणांत हा वाद बराच निवळतो, कारण तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस नसून यंत्र असते. २०१९ मध्ये झियाद ओबरमायर, वर उल्लेख आलेले मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत वापरली जाणारी एक संगणकप्रणाली तपासली. कोणत्या रुग्णाला जास्तीच्या देखरेखीची गरज आहे हे ती ठरवत असे. तिला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. आजार किती गंभीर आहे हे ती त्या रुग्णावर आधी झालेल्या खर्चावरून ओळखत असे. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर, तेवढाच आजार असताना, खर्च कमी झालेला असतो, म्हणून यंत्राच्या दृष्टीने ते तितके आजारी नव्हते. हा दोष काढला तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले. ज्याने ती प्रणाली लिहिली त्याला वंशभेदी म्हणायचे का? मी म्हणणार नाही. मग घडले ते काय होते, याला मात्र काहीतरी नाव द्यावेच लागेल.

करोनाच्या दिवसांत आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता. तो त्वचेतून प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजन मोजतो आणि गडद त्वचेवर कधीकधी आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार रक्तातील ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी असूनही यंत्राला तो न कळण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनांनुसार या यंत्राची चाचणी किमान दहा जणांवर करायची होती आणि त्यांत दोन जण किंवा १५ टक्के, यांतील जी संख्या मोठी असेल तितके, गडद त्वचेचे असले तरी भागत होते. जानेवारी २०२५ मध्ये प्रशासनाने नव्या सूचनांचा मसुदा काढला. त्यात चाचणीसाठी दीडशे किंवा अधिक माणसे आणि त्वचेच्या सर्व छटा हव्यात असे म्हटले आहे. मसुद्याची भाषा कोरडी आणि तांत्रिक आहे, आणि राउली यांनी नाकारलेल्या शब्दावाचून त्यात काही अडलेले नाही.